एफआयआरच्या प्रतीबरोबर आणखी एक कागद द्या

मा. जिल्हा पोलीस अधीक्षक,
रत्नागिरी यांस,



मागणी आधी सांगतो, कारण पुढे पत्र लांबणार आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला की फिर्यादीला एफआयआरची प्रत मिळते. तिच्याबरोबर आणखी एक कागद त्याच्या हातात पडावा. साध्या मराठीत, पाठपोट छापलेला. ज्याच्यावर गुन्हा झाला त्याला कायद्याने काय मिळतं, किती दिवसांत मिळतं आणि नाही मिळालं तर कुठे जायचं, एवढंच त्यावर असावं. यासाठी मुंबईहून आदेश यायची वाट बघायला नको. तुमच्या सहीचं एक परिपत्रक पुरेल.

मी वकील नाही. कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहून देणाऱ्यांपैकी आहे. वारस तपास, सात-बारावरची चूक, वाढीव वीजबिल हे माझं रोजचं काम. त्यातच मधूनमधून पोलीस ठाण्याहून आलेली माणसं येतात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रेशनकार्ड आणि आधार, आणि आधारच्या मागे घडी घातलेली एफआयआर. ती उलगडून माझ्यासमोर ठेवतात आणि विचारतात, "आता पुढं काय?" खरं तर हा प्रश्न ठाणे अंमलदाराच्या टेबलावर विचारायचा. पण तिथे तो विचारायची छाती होत नाही, आणि अंमलदारही आपण होऊन काही सांगत नाही. मी त्याला नावं ठेवत नाही. शिमग्याच्या पालख्यांपासून गणपतीत येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांपर्यंत सगळा बंदोबस्त त्याच्याच माथी असतो, आणि कोणाला काय सांगायचं याचा कागद त्यालाही कोणी दिलेला नाही.

एफआयआरच्या छापील नमुन्यात शेवटाकडे एक वाक्य असतं. फिर्याद वाचून दाखवली, ती बरोबर नोंदवली असल्याचं फिर्यादीने मान्य केलं, प्रत मोफत दिली. त्यापुढे आर. ओ. ए. सी. अशी अक्षरं आणि सही-अंगठ्याची जागा. "वाचून दाखवली का?" असं मी विचारतो. उत्तर येतं, "सही घेतली." गुन्हा सोसलेल्या माणसाशी कायदा जे बोलतो ते एवढंच, आणि तेही इतक्या बारीक टायपात की चाळिशीशिवाय वाचता येत नाही.

पण कायदा एवढ्यावर थांबलेला नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. त्याआधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पीडित म्हणजे कोण याची व्याख्याच २००८ च्या दुरुस्तीने आली आणि ती अमलात आली २००९ च्या शेवटच्या दिवशी. तोवर ज्याचं डोकं फुटलं किंवा घर फुटलं तो कोर्टात निव्वळ सरकार पक्षाचा साक्षीदार होता. आता त्याला बरंच काही मिळालंय. कुठल्याही ठाण्यात फिर्याद देता येते, हद्दीचा वाद घालून परत पाठवता येत नाही. प्रत नुसत्या खबर देणाऱ्यालाच नाही, पीडितालाही मोफत द्यायची. तपास कुठवर आला ते ९० दिवसांच्या आत त्याला कळवायचं, मोबाइलवर कळवलं तरी चालतं. सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर आधी कोर्टाने पीडिताचं म्हणणं ऐकायचं. ठाण्यात फिर्याद घेतलीच नाही, तर तिचा मजकूर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे, म्हणजे तुमच्याकडे, पाठवायचा आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जायचं. हे सगळं छापून पुस्तकांच्या दुकानांत आलंय. ज्याच्यासाठी लिहिलंय त्याच्यापर्यंत मात्र पोचत नाही.

राजापूरचं प्रकरण तुमच्या जिल्ह्याच्या दप्तरात आहेच. ६ फेब्रुवारी २०२३ च्या दुपारी कोदवलीच्या पेट्रोल पंपाजवळ पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने धडक दिली आणि त्यांना फरफटत नेलं. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या रुग्णालयात ते वारले. बारसूच्या रिफायनरीच्या वादावर ते लिहीत होते, आणि त्या वादासंबंधीची त्यांची बातमी त्याच सकाळी छापून आली होती. आधी सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं. राज्यभरचे पत्रकार रस्त्यावर आले, मग खुनाचं कलम लागलं, विशेष तपास पथक नेमलं गेलं आणि सरकारने कुटुंबाला २५ लाखांची मदत जाहीर केली. खटल्याच्या गुणदोषांत मी शिरत नाही, ते न्यायालय बघेल. मदत मिळाली हे चांगलंच झालं. पण ती ज्या वाटेने आली तिचा विचार करा. मृत माणूस बातमीदार होता, त्याच्यामागे बातमीदार उभे राहिले, विषय विधानसभेपर्यंत तापला, म्हणून मंत्र्यांना आकडा बोलावा लागला.

आता आंब्याच्या बागेतला नेपाळी राखणदार घ्या. हापूसच्या हंगामात आपल्याकडे बागांतून अशी शेकडो माणसं झोपड्या बांधून राहतात. रात्री कोणी क्रेट उचलायला आलं आणि याच्या डोक्यात काठी घालून पसार झालं, समजा. चोर सापडत नाही. बागवाला दवाखान्यात नेतो, टाके घालतो आणि हंगाम संपला की राखणदार गावी जातो. त्याच्यासाठी कोण मोर्चा काढणार? पण संहितेच्या ३९६ व्या कलमात नेमका हाच माणूस बसतो. आरोपी सापडला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पुरी करायची. आरोपी निर्दोष सुटला, पण पीडिताचं पुनर्वसन व्हायला हवं असं कोर्टाला वाटलं, तर कोर्ट स्वतः शिफारस करू शकतं. आणि पीडिताच्या व्याख्येत नागरिकत्वाची अट कुठेही नाही. नुकसान किंवा इजा झालेला माणूस, एवढंच आहे.

त्याच कलमात एक पोटकलम आहे, ते तर थेट तुमच्या माणसांच्या हाती दिलेलं आहे. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने किंवा दंडाधिकाऱ्याने दाखला दिला तर प्राधिकरण पीडिताला प्रथमोपचार किंवा वैद्यकीय मदत ताबडतोब आणि फुकट मिळवून देण्याचा आदेश काढू शकतं. तुमच्या एका सहीने जखमी माणसाचं बिल वाचतं. अशी सही मागायला आलेला माणूस तुमच्या किती ठाणेदारांनी पाहिलाय, हे त्यांना एकदा विचाराच. लोक येत नाहीत याचं कारण त्यांना गरज नाही हे नव्हे. असा दाखला असतो हेच त्यांना ठाऊक नसतं.

तुम्ही म्हणाल, हे वकिलाने सांगायचं. पण वकिलापर्यंत पोचायला पैसे लागतात, आणि फुकट वकील मिळतो हेही त्या न दिलेल्या कागदावरच असायला हवं. स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना, अपंगांना उत्पन्न न बघता मोफत कायदेविषयक मदत मिळते. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे, आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांचं उत्पन्न त्या आतच असतं. १५१०० हा क्रमांक फिरवला तरी पुरतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं दार जिल्हा न्यायालयात आहे, आणि तिथे जाणाऱ्याला वाटतं की आपण कोर्टाची पायरी चढतोय. ती चढू नये असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलेलं. कोणीतरी खाकीतल्या माणसानेच सांगितलं, की तिकडे जा, तिथे दावा लावायचा नसतो, मदत मागायची असते, तर तो जाईल.

मी नवीन काही मागत नाहीये. दोन बाबतींत असा कागद द्यायचं तुमच्यावर आधीच बंधन आहे. पोक्सोच्या २०२० च्या नियमांना एक 'नमुना अ' जोडलेला आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाला आणि त्याच्या पालकांना काय काय मिळायला हवं त्याची ती यादी. एफआयआरची प्रत, संरक्षण, मोफत वैद्यकीय तपासणी, समुपदेशन, घरीच जबाब, वकील, सोबतीला आधार देणारी व्यक्ती, नाव गुप्त ठेवणं. शेवटी महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक द्यायचे, त्यांत जिल्हाधिकाऱ्यांचा आणि पोलीस अधीक्षकांचाही. म्हणजे तुमचा.

दुसरा कागद महामार्गावरचा. खेड, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा, लांजा, राजापूर या पट्ट्यात मुंबई-गोवा महामार्गाने किती जीव घेतले ते तुम्हाला मी सांगायला नको. ठोकून पळालेली गाडी सापडली नाही तर मृताच्या वारसांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. २०२२ ची केंद्राची योजना आहे. पण तिच्याकडे अर्जच फारसे येत नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाच्या लक्षात आलं, आणि १२ जानेवारी २०२४ ला न्यायालयाने आदेश दिला. महिनाभरात गाडीचा तपास लागला नाही तर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने जखमीला किंवा वारसांना या योजनेची माहिती लेखी द्यायची. न्यायालयाने रक्कम वाढवा असं सांगून विषय संपवला नाही, आधी लोकांना कळवा असं सांगितलं. मला तो आदेश म्हणूनच फार आवडतो. पैसे सरकारच्या तिजोरीत पडून असतात आणि माणूस माझ्या टेबलावर तेराव्याच्या खर्चाचं कर्ज फेडण्यासाठी सोसायटीला अर्ज लिहून घेत असतो, हा प्रकार मी पाहतो.

मग उरलेल्या गुन्ह्यांनी काय घोडं मारलंय? मारहाण, घरफोडी, खून, फसवणूक, विनयभंग. यांतल्या फिर्यादींना ना नमुना अ, ना लेखी सूचना.

मुद्देमालाचंच बघा. एक आजी माझ्याकडे येते. गळ्यातलं मंगळसूत्र मोटारसायकलवरच्या पोरांनी ओढलं. चोर पकडले गेले, सोनं मिळालं, गावात पोलिसांचं कौतुक झालं. मंगळसूत्र मात्र ठाण्याच्या कपाटात, लाखेच्या मोहोरेखाली. आजीला वाटतं केस संपेपर्यंत ते तिथेच राहायचं. "आमाला काय म्हायती? सायेब सांगतील तसा," असं म्हणून ती गप्प बसते, आणि मधल्या काळात नातीच्या लग्नात गळ्यात खोटे मणी घालून फिरते. कोर्टात अर्ज केला, फोटो काढले, पंचनामा केला, हमीपत्र दिलं की दागिना परत मिळू शकतो. मौल्यवान वस्तू ठाण्यात वर्षानुवर्षं कुजवत ठेवू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ मध्येच सांगितलंय. नव्या संहितेत तर अशा वस्तूंचं विवरण १४ दिवसांत तयार करायचं, फोटो किंवा चित्रीकरण करायचं आणि त्यानंतर ३० दिवसांत कोर्टाने त्यांच्या विल्हेवाटीचा आदेश द्यायचा, अशी मुदतच घातली आहे. अर्ज मीही लिहून देतो. पण असा अर्ज असतो हे आजीला माझ्याकडे येईपर्यंत कोणी सांगितलेलं नसतं, आणि ती माझ्याकडे आलेली असते ती निराधार पेन्शनसाठी.

या आजीला जबाबासाठी ठाण्यात बोलावत राहण्याचीही गरज नाही. कुठल्याही वयाच्या स्त्रीला, साठीपुढच्या पुरुषाला, पंधराच्या आतल्या मुलाला, अपंगाला किंवा आजाऱ्याला तपासात तिच्या किंवा त्याच्या घराबाहेर हजर राहायला लावता येत नाही. ठाण्यात यायचं असेल तर ते तिच्या खुशीने. एसटी चुकली म्हणून घाबरलेली बाई जेव्हा विचारते की आता मला वॉरंट निघेल का, तेव्हा हे वाक्य तिच्या पिशवीत छापील असतं तर बरं झालं असतं, असं वाटतं.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत कागद आणखी महत्त्वाचा, आणि तिथेच तो सगळ्यांत जपून द्यायला हवा. मनोधैर्य योजना महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०१३ पासून आहे. अत्याचार झालेल्या स्त्रिया, मुलं आणि ॲसिड हल्ल्यातले पीडित यांच्यासाठी. मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातल्या १० लाखांशी तुलना करून सरकारला सुनावल्यानंतर २०१७ च्या अखेरीस आपल्याकडेही कमाल रक्कम १० लाख झाली आणि अर्जाचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आलं. सरकारी असो की खासगी, रुग्णालयाने अशा पीडितेवर लगेच आणि मोफत उपचार करायचे, नाकारले तर तो गुन्हा. अशा फिर्यादी नोंदवायचं टाळणाऱ्या सरकारी माणसाला तर किमान सहा महिने सक्तमजुरी आहे. ही शेवटची ओळ कागदावर छापायला तुमच्या खात्याला जड जाईल याची कल्पना आहे. तरी छापा.

कोर्टातला भाग थोडक्यात लिहिला तरी चालेल, पण जामिनाची ओळ गाळू नका. लखीमपूर खेरीला ३ ऑक्टोबर २०२१ रोजी आंदोलकांच्या अंगावर गाडी घातली गेली, मेलेल्यांत तिथलाही एक पत्रकार होता. उच्च न्यायालयात ऑनलाइन सुनावणी चालू असताना पीडितांच्या वकिलांचा संपर्क तुटला आणि आरोपीला जामीन मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये तो रद्द केला. तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताचं ऐकून घ्यायला हवं, असं त्या निकालात आहे. आमच्याकडे मात्र आरोपी जामिनावर सुटल्याचं फिर्यादीला कळतं ते तो बाजारात समोर दिसल्यावर. ॲट्रॉसिटी कायद्यात कलम १५ अ आल्यापासून त्या गुन्ह्यांत जामिनाच्या सुनावणीची आगाऊ सूचना पीडिताला द्यावीच लागते. तेच इतर गंभीर गुन्ह्यांत तपासी अंमलदाराने एका फोनवर केलं तर कोण अडवणार आहे? भीती असेल त्याला साक्षीदार संरक्षणाचा अर्ज करता येतो, त्यासाठी राज्याचा २०१७ चा वेगळा कायदा आहे, हेही त्याच फोनवर सांगता येईल.

अपिलाची वाटही आता जवळ आलीय. आरोपी सुटला, कमी गुन्ह्याची शिक्षा झाली किंवा भरपाई अपुरी वाटली तर पीडिताला स्वतः अपील करता येतं. सरकारने केलं नाही तरी. सत्र न्यायालयाच्या निकालावर त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि रत्नागिरी त्याच्या कक्षेत आहे. राजापूरचा माणूस अणुस्कुरा घाटाने, आम्ही आंबा घाटाने. मंडणगडला त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यायालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन सरन्यायाधीश गवई यांच्या हस्ते झालं, बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे याच तालुक्यातलं. म्हणजे कोर्ट माणसाकडे चालत येतंय. ठाण्यातला कागद अजून तेवढाही हललेला नाही.

तुमच्या अडचणी मला दिसतात. असा कागद दिला की ९१ व्या दिवशी माणूस दारात उभा राहील आणि विचारेल, तपासाचं काय झालं? विचारेलच. कागदाचा त्रास होणार आहे, आणि तो तुमच्याच माणसांना होणार आहे. पैशांसाठी खोट्या फिर्यादी वाढतील, असं कोणी म्हणेल. पैसे कागद देत नाही, प्राधिकरण देतं आणि तेही चौकशी करून. आणखी एक शंका मला स्वतःला आहे. परिपत्रक निघेल, गठ्ठे छापून येतील, आणि मग "कागद दिला" अशी आणखी एक सही एफआयआरखाली घेतली जाईल, कागद कपाटातच. आपल्याकडे हे होतं. म्हणून दोन गोष्टी सुचवतो. मदतीचा पत्ता पाठीमागे टाकू नका, पुढेच मोठ्या टायपात दोन ओळी छापा: प्राधिकरणाचा पत्ता आणि १५१००. आणि ठाण्याच्या वार्षिक तपासणीला तुम्ही जाल तेव्हा रजिस्टर मागण्याऐवजी गेल्या महिन्यातल्या कुठल्याही तीन फिर्यादींना फोन लावा आणि कागदावर काय होतं ते विचारा.

कागदाचा मसुदा या पत्रासोबत तुमच्या कार्यालयाच्या आवक विभागात देत आहे. प्राधिकरणाच्या सचिवांकडून तो एकदा तपासून घ्यावा, कलमांचे आकडे नवे आहेत आणि माझ्या हातून एखादा जुना राहिला असण्याची शक्यता आहे. मंडणगड, दापोलीकडच्या ठाण्यांसाठी प्राधिकरणाऐवजी तालुका विधी सेवा समितीचा पत्ता वर घालावा. तिकडच्या माणसाला रत्नागिरीची एसटी धरून यायला अख्खा दिवस मोडावा लागतो. नेपाळी राखणदारांसाठी मागच्या बाजूला चार ओळी हिंदीतही असू द्याव्यात.

आवक क्रमांक मिळाला की महिन्याभराने विचारायला येईन.

कळावे,

आपला,
कचेरीबाहेरचा एक अर्जलेखक, रत्नागिरी